नऊ टोकांचा मुकुट

आमच्या शेजारी एक उमराव राहतात हे मला त्यांच्या शेजारी बरीच वर्षं राहिल्यावर कळलं, आणि तेही आईमुळे.

हार्लेम या डच शहरातल्या आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्याला एक लांब उघडी गॅलरी आहे आणि तिच्यात ओळीने दारं. त्यांचं दार शेवटचं, आमचं त्याच्या अलीकडचं. त्यांना घरी जायचं तर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपुढूनच जावं लागायचं. ते जायचे, मान हलवायचे, मीही हलवायचो. पंच्याऐंशीच्या आसपासचं वय, सडपातळ बांधा, अंगात कायम इस्त्रीचा शर्ट. पत्नी आम्ही राहायला येण्याआधीच वारलेली. एकदा आमच्या मुलीची सायकल गॅलरीत आडवी पडली होती, ती त्यांनी उचलून भिंतीला लावली, आणि त्यांचे आभार मानायचं माझ्याकडून राहून गेलं. ते मला अजून खुपतं. मला बऱ्याच गोष्टी खुपतात. बायको म्हणते, लोक तिकिटं जमवतात, हा अपराध जमवतो.

गेल्या उन्हाळ्यात आई आमच्याकडे राहायला आली. आई कोल्हापूरकडची. तिकडे पुरुषमाणसाला 'राजे' म्हणायची पद्धत आहे. आईच्या तोंडी ती जरा जास्तच आहे. गावाकडे तिचा दूधवाला राजे, कंडक्टर राजे, गॅसचा सिलिंडर आणणारा राजे. इथे आल्यावर पार्सलवाला पोरगा राजे झाला. आमच्या डॉक्टरांनी तिचा गुडघा दाबून पाहिला आणि पॅरासिटामॉल घ्या म्हणाले, तेही राजे. माझा साहेब व्हिडिओ कॉलवर असताना ती मागून चहा ठेवून गेली आणि जाता जाता त्यालाही म्हणाली, "जेवला का, राजे?"

एका सकाळी ती गॅलरीत खुर्ची टाकून मेथी निवडत बसली होती. शेजारचे आजोबा सामानाची पिशवी घेऊन आले.

"काय राजे, झाला बाजार?" आई म्हणाली.

ते थांबले. खिडकीतून मला विचारलं, "या काय म्हणाल्या?"

ऑफिसात ग्राहक काय म्हणतो ते आमच्या लोकांना नीट समजावून सांगणं हेच माझं काम. मी नीट सांगितलं. "ती म्हणतेय, नमस्कार महाराज, खरेदी झाली का?"

त्यांनी पिशवी खाली ठेवली. "यांना कोणी सांगितलं?"

"काय?"

ते पिशवी उचलून घरात गेले. थोड्या वेळाने आमची बेल वाजली. ते दारात उभे होते, अंगात कोट. रविवारी दुपारी आईंनी कॉफीला यावं, असं म्हणाले. "तुम्हीही या," ते मला म्हणाले, "दुभाषी म्हणून."

रविवारी आम्ही गेलो. आईने ठेवणीतली साडी नेसली होती आणि वरून माझं जॅकेट. त्यांनी टाय लावला होता. कॉफी आली, बिस्किटांचा डबा आला. या देशात डबा उघडतात, प्रत्येकाने एक बिस्कीट घ्यायचं आणि डबा बंद होतो. हे मी आईला आधीच बजावून ठेवलं होतं. त्यांनी डबा उघडला, आईपुढे धरला आणि टेबलावर उघडाच ठेवला, झाकण बाजूला. प्रकरण गंभीर आहे हे मला तिथेच कळायला हवं होतं.

मध्येच मी टॉयलेटला गेलो. तिथे भिंतीवर वाढदिवसांचं कॅलेंडर होतं. ते इथे सगळ्यांच्याच टॉयलेटमध्ये असतं, म्हणजे कोणाचा वाढदिवस विसरायची सोय राहत नाही. त्याच्या शेजारी चौकटीत एक ढाल होती. निळ्या रंगावर मागच्या पायांवर उभा राहिलेला बोकड, आणि ढालीवर मुकुट.

"पाहिलंत?" मी परत आल्यावर त्यांनी विचारलं.

"हो."

"टोकं मोजलीत?"

मी मोजली नव्हती. मी माफी मागितली.

"नऊ आहेत. सात असती तर आम्ही बॅरन. नऊ म्हणजे ग्राफ."

"ग्राफ म्हणजे आपल्याकडचा बडा सरदार समज," मी आईला सांगितलं.

"व्हय का," आई म्हणाली आणि तिने दुसरं बिस्कीट घेतलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांच्या पूर्वजांना ही पदवी व्हिएन्नाच्या सम्राटाने दिली होती. बोहेमियात त्यांचं जंगल होतं, तळी होती, तळ्यांत मासे होते. पहिल्या महायुद्धात साम्राज्य मोडलं, त्याचे देश झाले, आणि नव्या देशांना कामं पुष्कळ असतानाही त्यांनी वेळ काढून उमरावांच्या पदव्या रद्द केल्या. ऑस्ट्रियात तर आडनावाआधी 'फोन', म्हणजे 'अमक्या गावचे', लावायलाही बंदी आली, ती अजून आहे. म्हणजे हे जन्मले तेव्हा ज्या साम्राज्याचे ते ग्राफ होते ते बुडून वीसेक वर्षं झाली होती. दुसऱ्या युद्धानंतर ते आईच्या हाताला धरून इकडे आले. इथे उमराव अजून आहेत, पण ते इथले. बाहेरून आलेल्याची पदवी इथल्या सरकारने मान्य केली तरच ती खरी, आणि यांची कोणी केली नाही. कायद्याने ते कुठल्याच देशात ग्राफ नव्हते.

"घरात आई मला ग्राफ म्हणायची," ते म्हणाले. "ती गेल्यावर बायको म्हणायची. दर गुरुवारी. 'ग्राफ, कचरा बाहेर ठेवा.' ही ढाल तिनेच तिकडे आत टांगली. म्हणाली, तिथे सगळे निवांत बसून बघतील. ती गेल्यापासून मला कोणी ग्राफ म्हटलेलं नाही. आता कोणी म्हणेल असं वाटतही नव्हतं." त्यांनी आईकडे पाहिलं. "आणि यांनी मला नुसतं बघून ओळखलं."

खरं सांगायची वेळ तीच होती. माझ्या तोंडात बिस्कीट होतं. ते गिळेपर्यंत त्यांनी खिशातून रुमाल काढला होता, आणि रुमाल काढलेल्या माणसाला मी काय सांगणार?

"काय म्हणत्यात?" आईने विचारलं.

"तू हाक मारलीस ते बरं वाटलं म्हणतात."

"वाटणारच की."

निघताना त्यांनी माझं आडनाव नीट विचारून घेतलं. आमच्या आडनावात गावाचं नाव आहे आणि पुढे 'कर'. त्याचा अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, त्या गावचे. त्यांनी हळूच मान डोलावली. "म्हणजे फोन," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं."

त्या हिशोबाने अर्धा महाराष्ट्र उमराव आहे. हेही मी सांगितलं नाही.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती पुण्याची. ती म्हणाली, "वा. मग उमरावसाहेब, तेवढी कढई घासून घ्या. सकाळपासून भिजतेय." मुलगी चौदा वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर डचमध्ये देते. ती म्हणाली, "बाबा, सरळ सांगून टाक ना त्यांना. एक मिनिटाचं काम आहे."

मला ते जमलं नाही. उलट दुसरंच जमायला लागलं. आईने दुसऱ्या कोणाला राजे म्हटलेलं त्यांच्या कानावर जाऊ नये म्हणून मी पार्सलं कोपऱ्यावरच्या दुकानात मागवायला लागलो. खिडक्या धुणारा माणूस यायच्या दिवशी रजा टाकली आणि आईला समुद्रावर नेलं. वारा इतका होता की ती गाडीतून उतरलीच नाही, काचेतून समुद्र बघून म्हणाली, "हाय बाबा, मोठा हाय. चल आता." तिथे पार्किंगच्या माणसाला तिने राजे म्हटलं, पण हार्लेम तिथून लांब होतं.

एकदा तिला सांगूनही पाहिलं. "आई, राजे फक्त शेजारच्या आजोबांना म्हणत जा."

"का?"

"त्यांना बरं वाटतं."

"मग बाकीच्यास्नी वाईट वाटाया पायजे काय?"

दरम्यान त्यांचं आणि आईचं चांगलं जमलं होतं. रोज सकाळी ते पिशवी नसतानाही गॅलरीतून एक चक्कर मारायचे. आई म्हणायची, "काय राजे," ते कमरेत किंचित वाकायचे आणि घरी परत जायचे. ते आता ताठ चालतात असं बायकोच्याही लक्षात आलं. हे सगळं खोट्यावर उभं आहे आणि ते खोटं माझं आहे, असं मला वाटत राहिलं.

मग ते स्वयंपाकघरात पडले. हाड मोडलं नाही, पण त्यांच्या मुलीने ठरवलं की आता एकटं राहणं पुरे. ती झूटरमेरला राहते, तिथल्या नगरपालिकेत काम करते. तिने तिच्या घराजवळ वृद्धांच्या निवासात त्यांच्यासाठी खोली मिळवली.

जायच्या आधीच्या आठवड्यात ते माझ्याकडे आले. बसले नाहीत.

"तिथे प्रत्येक दारावर पाटी असते," ते म्हणाले. "मला पाटीवर आडनावाआधी ग्राफ हवं आहे. मुलगी नाही म्हणते. तेच माझं शेवटचं दार. तुम्ही फोनवाल्या घराण्यातले आहात, तुम्हाला समजेल."

मी त्यांना तेव्हाच थांबवायला हवं होतं. मी म्हणालो, "हो." आणि दुसऱ्या दिवशी चाव्या बनवणाऱ्याच्या दुकानात जाऊन पितळी पाटी करायला टाकली. दुकानदाराने अक्षरं तपासून घ्यायला लावली. मी तीनदा तपासली. त्यांच्या मुलीला कळवलं नाही. आता माझ्याकडे सांगायच्या राहिलेल्या तीन गोष्टी झाल्या होत्या.

सामान हलवायच्या दिवशी मी मदतीला गेलो. त्यांची मुलगी साठीला आलेली, केस आखूड, हातात याद्या. एकेक वस्तू गॅलरीत काढली जात होती. आमच्या खिडकीखाली एक जुनी इस्त्रीची फळी उभी करून ठेवली होती. तिचं कापड मधोमध करपून तपकिरी झालं होतं.

"ही टाकायची का?" मी विचारलं.

"ही माझ्या घरी येणार," ती म्हणाली. "आईने हिच्यावर हॉटेलांच्या चादरींना इस्त्री केली. मी शाळेतून यायचे तेव्हा घरभर वाफ असायची."

"आणि वडील?"

"वडील बल्बच्या कंपनीत कारकून होते. तिथल्या साहेबाने त्यांना कॉफी आणायला सांगितली म्हणून सोडली ती नोकरी. दुसरीकडे पहिल्या नावाने हाक मारली म्हणून तीही सोडली. मग आईच म्हणाली, तुम्ही घरी बसा." तिने फळीचं कापड सरळ केलं. "ते सगळ्यांना ती कचऱ्याची गोष्ट सांगतात. तुम्हालाही सांगितली असेल. लोक हसतात. आठवडाभरात त्यांना सांगता येईल असं तेवढं एकच काम होतं."

मी म्हणालो, "माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं?"

"पाटी."

"कुठली पाटी?"

तिला माहीतच नव्हतं. मी खिशातून पाटी काढून तिच्या हातात दिली. तिने ती वाचली आणि उलटी करून फळीवर ठेवली. वडील दारातच खुर्चीत बसले होते. त्यांनी ते पाहिलं आणि तिच्याकडे बघत राहिले. तीही बघत राहिली. नेमकी त्याच वेळी दोन हमाल कपाट उचलून बाहेर आले. पुढचा पोरगा विशीतला, हाफ पँट, पोटरीवर गोंदलेला मासा.

"राजे, जपून!" आई आमच्या दारातून ओरडली. "पायरी हाय तितं!"

पोरगा थांबला. आईने पायरीकडे बोट दाखवलं. त्याने पाय उचलून टाकला आणि अंगठा वर करून पुढे गेला.

आजोबांनी त्या माशाकडे पाहिलं. मग माझ्याकडे नाही, माझ्या मुलीकडे वळले. ती नुसती बघायला येऊन उभी राहिली होती. "तुझी आजी त्या मुलाला काय म्हणाली?"

"राजे," मुलगी म्हणाली. "ती सगळ्यांनाच म्हणते. पार्सलवाल्याला पण. बाबा म्हणूनच पार्सलं दुकानात मागवतात."

हे तिने इतक्या स्वच्छ डचमध्ये सांगितलं की मला ते जन्मात जमलं नसतं.

"सगळ्यांना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांना," मी म्हणालो.

आईला काहीतरी बिनसलंय एवढं कळलं. मी तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जसं काही मी नववीत पुन्हा नापास झालोय.

"एवढंच व्हय?" ती म्हणाली. मग ती त्यांच्याशीच बोलायला लागली, मराठीत, जणू त्यांना समजतंच. आमची मुलगी शेजारी उभी राहून डचमध्ये सांगत गेली, अडली तिथे मी.

"माझ्या बापाच्या गावात राजे एकच. इनामदार. त्याच्या दारावरनं जाताना पायातलं काढून हातात घ्यायचं आन् म्हणायचं, येतो राजे. तो घरात असू दे न्हाईतर नसू दे. दार लावलेलं असलं तर दाराला म्हणायचं."

"बंद दाराला?" मुलीने स्वतःच मोडक्या मराठीत विचारलं.

"मग? मागनं कोण बघत असंल, काय सांगावं. पुढं इनामं गेली. इनामदार बी आमच्यावानी यष्टीच्या थांब्यावर उभा राहाया लागला. एक दिवस माझ्या बापानं काय केलं, थांब्यावर जेवढी मंडळी हुती त्या सगळ्यास्नी राजे म्हणाला. न्हाव्याला म्हणाला, कुंभाराला म्हणाला, मास्तराला म्हणाला. लोक हसली. दुसऱ्या दिवशी न्हावी बी म्हणाया लागला. मग गावानं उचललं ते."

मुलीने सांगून संपवलं. खाली गाडीत कपाट ठेवल्याचा आवाज आला.

"आणि इनामदार?" आजोबांनी विचारलं. "त्याला म्हणायचं बंद केलं?"

मुलीने आजीला विचारलं.

"त्याला बी म्हणायचा की," आई म्हणाली. "त्याला एकट्याला कशाला वगळायचं? त्यानं काय पाप केलंय?" मग तिने थोडा विचार केला. "केलं हुतं म्हणा. तरी बी."

आजोबांनी हात पुढे केला. त्यांच्या मुलीने फळीवरची पाटी उचलून त्यांना दिली. त्यांनी ती डोळ्यांजवळ धरून वाचली, अंगठ्याने पुसली.

"दारावर नको," ते म्हणाले.

"मग कुठे?" ती म्हणाली.

"तुझ्या आईने ढाल लावली होती तिथे."

तिने पाटी पिशवीत टाकली आणि याद्या घेऊन आत गेली.

आई परत जायच्या आधी आम्ही सगळे बुधवारी संध्याकाळी झूटरमेरला गेलो. त्यांची मुलगीही होती. दारावर आद्याक्षरं आणि आडनाव, बस. खोली लहान, पण खिडकीतून कालवा दिसतो. आजोबांनी टाय लावला होता. बिस्किटांचा डबा आल्यापासून उघडाच होता. आमची मुलगी दोन घेऊन तिसऱ्याला हात घालत होती आणि बायको तिच्याकडे डोळे वटारत होती.

मी टॉयलेटला जाऊन आलो. आधाराच्या दांडीच्या वर कॅलेंडर, त्याच्या शेजारी ढाल आणि ढालीखाली पाटी. पाटी त्यांच्या मुलीनेच भिंतीला भोकं पाडून बसवली होती. ती किंचित तिरकी होती. मी कोणाला सांगितलं नाही. टोकं मात्र या वेळी मोजली. नऊच होती.

बाहेर आल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "एक सांगायचं राहिलंय. आमचं 'कर' म्हणजे फोन नाही. तिकडे गल्लोगल्ली कर आहेत. माझे आजोबा शिंपी होते."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी त्याच आठवड्यात इंटरनेटवर बघितलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्हाला बरं वाटत होतं."

निघायची वेळ झाली. आई उठली, म्हणाली, "येते हं राजे." ते वॉकरला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "या." हा शब्द आमच्या मुलीने शिकवला होता.

त्यांची मुलगीही आमच्याबरोबरच निघाली. तिने कोट घातला, गळ्याभोवती मफलर गुंडाळला, दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली. मागे वळली नाही. दाराच्या मुठीवर हात होता.

"ग्राफ," ती म्हणाली, "कचरा बाहेर ठेवा. उद्या गुरुवार."



"इथे कचरा इथलीच माणसं नेतात," आजोबा म्हणाले.

"माहीत आहे मला."

ते वॉकर ढकलत सिंकपर्यंत गेले. खालचा डबा उघडून पिशवी बाहेर ओढली. तिच्यात कॉफीची पूड आणि एक बिस्किटाचा कागद होता. पिशवीला गाठ मारायला त्यांना वेळ लागला. तिने मदत केली नाही, घाईही केली नाही. मग त्यांनी ती दारापर्यंत नेली, उंबऱ्याबाहेर भिंतीला लावून नीट उभी केली आणि हात झटकले.

"झालं," ते म्हणाले.

"छान," ती म्हणाली. तिने वाकून त्यांच्या गालाचं चुंबन घेतलं आणि ती जिन्याकडे चालू लागली. बायको, आई, मुलगी तिच्या मागे.

तिथल्या बोळात कचरा ठेवायला मनाई आहे. तशी सूचना प्रत्येक मजल्यावर लावलेली आहे, मी येतानाच वाचली होती. दार बंद झाल्यावर मी पिशवी उचलली आणि खाली घेऊन गेलो.